रडताना टिपूस न येणे: लहान मुलाच्या तीव्र कोरड्या डोळ्यांमागचा दुर्मीळ आनुवंशिक आजार कसा शोधावा

मूल जिवाच्या आकांताने रडत असते, चेहरा लालबुंद होतो, आवाज बसतो, तरी गालावर पाण्याचा एक ओघळही येत नाही. पुष्कळ घरांत मूल नाटक करते असे म्हणून ही गोष्ट सोडून दिली जाते. दवाखान्यातही ती बहुधा विचारली जात नाही, कारण मुलाला आणलेले असते ते लाल डोळे, चिकट स्राव आणि उजेड सहन न होणे या तक्रारींसाठी. हा लेख त्या न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाभोवती लिहिला आहे. मोठ्या माणसांत कोरडे डोळे ही नेहमीची तक्रार असली, तरी लहान मुलात डोळ्यांचा तीव्र आणि महिनोन्‌महिने टिकणारा कोरडेपणा क्वचितच आढळतो. तो आढळला की थेंब लिहून देण्याबरोबरच मुलाच्या उरलेल्या शरीराचीही चौकशी झालीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. कारण त्यामागच्या काही आजारांत डोळा हे पहिले लक्षण असते आणि जिवावर बेतणारी बाब त्यानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी उघडी पडते.

आधी अश्रूंविषयी थोडे

डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ पडदा नुसत्या पाण्याचा नसतो. पृष्ठभागाला चिकटून राहणारा श्लेष्म्याचा भाग, त्यात मिसळलेले अश्रुग्रंथींचे पाणी आणि पाणी उडून जाऊ नये म्हणून वर पसरलेला, पापण्यांच्या कडेच्या मायबोमियन ग्रंथींनी सोडलेला तेलाचा थर, असे त्याचे तीन घटक असतात. शिवाय डोळ्याला टोचले किंवा थंड वाटले की ती संवेदना मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जाते आणि तिथून अश्रुग्रंथींना पाझरण्याचा आदेश येतो. ग्रंथीच घडलेली नसणे, ग्रंथी असून आदेश न पोचणे, तेलाचा थर नसणे किंवा डोळ्याला संवेदनाच नसणे, या चार वेगळ्या बिघाडांमागे वेगवेगळे आजार असतात. म्हणून ‘डोळे कोरडे आहेत’ एवढ्यावर न थांबता बिघाड नेमका कुठे आहे हे ठरवणे, हा पुढच्या सगळ्या तपासाचा पाया आहे.

पहिली पायरी: घरी काय पाहावे आणि काय लिहून ठेवावे

नवजात बाळाच्या डोळ्यांत ओलावा असतो, पण रडताना दिसण्याइतके अश्रू साधारणपणे पहिल्या काही आठवड्यांत आणि बहुतेक बाळांत तीन महिन्यांच्या आत येऊ लागतात. म्हणून महिनाभराचे बाळ कोरडे रडते याने घाबरण्याचे कारण नाही. चौथा-पाचवा महिना उलटल्यावरही दोन्ही डोळ्यांना पाणी येत नसेल, तर ती नोंद तारखेसह वहीत करावी आणि डॉक्टरांना मुद्दाम सांगावी.

एक अपवाद आधीच सांगणे आवश्यक आहे. एरवी रडताना भरपूर अश्रू येणाऱ्या मुलाला जुलाब, उलट्या किंवा ताप असताना अश्रू येईनासे झाले, तोंड सुकले, लघवी कमी झाली आणि मूल मलूल पडले, तर ते शरीरातील पाणी कमी झाल्याचे लक्षण असते आणि त्याच दिवशी उपचार लागतात. आपण इथे ज्या कोरडेपणाविषयी बोलत आहोत, तो मूल अन्यथा ठीक असतानाही कायम असतो.

रडण्याचे एक छोटे चित्रण फोनवर करून ठेवावे. तपासणीच्या खोलीत मूल रडेलच असे नाही, आणि ‘अश्रू येत नाहीत’ या तोंडी सांगण्यापेक्षा अर्ध्या मिनिटाचे चित्रण अधिक विश्वासार्ह ठरते. त्याशिवाय सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात का, चिपडे धाग्यासारखी निघतात का, मूल उन्हात डोळे घट्ट मिटून घेते का, झोपेत पापण्यांमध्ये फट राहते का, पापण्यांची उघडझाप फारच कमी आहे का, आणि डोळ्यात कचरा गेल्यावर मूल कळवळते का, हे लिहावे. शेवटचा प्रश्न वाचताना विचित्र वाटेल. पण डोळा लालभडक असून मूल तक्रार करीत नाही, हे चांगले चिन्ह नसून वाईट चिन्ह असू शकते, कारण पारपटलाची, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्याची, संवेदना हरपलेली असते तेव्हा जखम दुखत नाही आणि वाढत जाते.

दुसरी पायरी: दुर्मीळ कारणाआधी नेहमीची कारणे

दुर्मीळ आजाराच्या शोधात नेहमीची कारणे निसटू नयेत. मुलांत जुनाट ॲलर्जी, पापण्यांच्या कडांची सूज आणि वारंवार होणाऱ्या रांजणवाड्या यांमुळे डोळे कोरडे आणि लाल राहतात. ॲलर्जीसाठी दिली जाणारी काही औषधे आणि मुरुमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन अश्रूंच्या पडद्यावर परिणाम करतात. मोबाइलच्या पडद्याकडे तासन्‌तास पाहताना उघडझाप कमी होते, पण त्याने रडताना अश्रू बंद होत नाहीत. हा फरक लक्षात ठेवला, तर ‘मोबाइल कमी करा’ या एका वाक्यावर खरी तक्रार बंद होणार नाही.

यांत सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे जीवनसत्त्व ‘अ’ ची कमतरता. तिच्यामुळे डोळ्याचा पांढरा भाग निस्तेज आणि सुरकुतलेला दिसतो, त्यावर बिटोचे डाग म्हणून ओळखले जाणारे फेसाळ ठिपके येतात, अंधारात दिसेनासे होते आणि उपचार न झाल्यास पारपटल अक्षरशः विरघळते. अत्यंत मोजकेच पदार्थ खाणारी मुले, तसेच यकृताचे किंवा आतड्यातून स्निग्ध पदार्थ न शोषले जाण्याचे आजार असणारी मुले यांत ती चांगल्या परिस्थितीतल्या घरांतही आढळते. मूल पोटभर जेवते म्हणून ती नाकारू नये. जीवनसत्त्वाची मात्रा मात्र डॉक्टरांनीच ठरवावी, कारण जास्त मात्रा घातक असते.

तिसरी पायरी: डोळ्यांची तपासणी योग्य क्रमाने

शक्य असेल तर बालनेत्ररोगतज्ज्ञ किंवा पारपटलाचे तज्ज्ञ गाठावेत. तपासणीचा क्रम इथे निर्णायक असतो. बधिर करणारा थेंब घालण्याआधी कापसाच्या बारीक टोकाने पारपटलाची संवेदना पाहिली गेली पाहिजे. थेंब आधी पडला, तर ही माहिती त्या भेटीपुरती हातची गेली. आपण पालक म्हणून हे नम्रपणे विचारू शकतो आणि विचारावे.

अश्रूंचे प्रमाण मोजण्यासाठी शिर्मर चाचणीत ५ मिलिमीटर रुंद कागदी पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटे ठेवतात. बधिर न करता केलेल्या चाचणीत ५ मिलिमीटरपेक्षा कमी ओलावा म्हणजे पाण्याची मोठी कमतरता मानली जाते, आणि जन्मजात अश्रुहीनतेत पट्टी जवळजवळ कोरडीच राहते. लहान मूल पाच मिनिटे स्थिर बसणे कठीण, म्हणून काही ठिकाणी फिनॉल रेडचा धागा वापरतात, ज्याला प्रत्येक डोळ्यामागे १५ सेकंद पुरतात. नंतर फ्लुरेसीन हा रंग घालून निळ्या प्रकाशात पारपटलावरचे ओरखडे आणि पडदा किती सेकंदांत फुटतो ते पाहतात. पाणी पुरेसे पण पडदा झटकन फुटतो, असे दिसले तर लक्ष पापण्यांच्या तेलग्रंथींकडे वळवावे. पाणीच नाही असे दिसले तर अश्रुग्रंथी आणि तिला आदेश देणाऱ्या मज्जातंतूंकडे वळावे. अश्रुग्रंथी अस्तित्वात आहे की नाही, हे एमआरआयमध्ये कळू शकते.

चौथी पायरी: डोळ्यापलीकडचे प्रश्न

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो, आणि तिला यंत्र लागत नाही. अश्रू कमी असलेल्या मुलाच्या बाबतीत पहिला विचार ट्रिपल ए सिंड्रोमचा, म्हणजेच ऑलग्रोव्ह सिंड्रोमचा व्हावा. जेरेमी ऑलग्रोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये त्याचे वर्णन केले. अश्रुहीनता, अन्ननलिकेचे खालचे तोंड नीट न उघडणे म्हणजे अकॅलेशिया, आणि मूत्रपिंडांच्या वर असणाऱ्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींची अपुरी क्षमता, या तीन गोष्टींच्या इंग्रजी नावांतील ‘ए’ या आद्याक्षरावरून त्याला हे नाव मिळाले. बाराव्या गुणसूत्रावरील ‘एएएएस’ या जनुकातील दोषामुळे तो होतो. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचे नाव अलाडिन असून ते पेशीच्या केंद्रकाच्या आवरणातील छिद्रांचा भाग असते.

या आजाराचा धोका त्याच्या वेळापत्रकात आहे. अश्रू नसणे बहुधा बाळपणापासून असते, पण त्याने कोणी घाबरत नाही. गिळताना अडकणे, न पचलेले अन्न परत येणे आणि रात्री झोपेत खोकला येणे या गोष्टी काही महिन्यांपासून ते काही वर्षांनंतर कधीही सुरू होतात, आणि त्यांना ॲसिडिटी किंवा खाण्याची खोड समजले जाते. अधिवृक्क ग्रंथी बहुधा पहिल्या दहा वर्षांत कमी पडू लागते. या ग्रंथीतून येणारे कॉर्टिसॉल आजारपणात आणि उपाशीपोटी रक्तातील साखर व रक्तदाब टिकवून धरते. ते अपुरे असले की साध्या तापात किंवा उलट्यांत साखर एकदम घसरते, मूल बेशुद्ध होते किंवा त्याला आकडी येते, आणि कॉर्टिसॉलची जागा भरून काढणारे हायड्रोकॉर्टिसोन हे औषध वेळेत न मिळाल्यास मृत्यू ओढवू शकतो. कित्येकदा आजाराचे निदान अशा पहिल्या प्रसंगातच होते, जेव्हा अश्रू नसल्याची गोष्ट आई वर्षानुवर्षे सांगत आलेली असते. म्हणून पुढील प्रश्न स्पष्टपणे विचारावेत: कधी आकडी आली होती का आणि तेव्हा साखर मोजली होती का; सकाळी उठल्यावर मूल घामाघूम, सुस्त किंवा चिडचिडे असते का; हिरड्या, बोटांच्या सांध्यांवरची त्वचा आणि जुने व्रण घरच्यांच्या मानाने जास्त काळवंडले आहेत का; घन अन्न गिळताना मूल पाणी मागते का. वय वाढेल तसे स्नायूंची शक्ती कमी होणे, अनुनासिक बोलणे, चालण्यातील बदल आणि उभे राहिल्यावर चक्कर येणे ही मज्जासंस्थेची लक्षणेही दिसू शकतात.

दुसरा आजार म्हणजे कौटुंबिक डिसऑटोनोमिया, म्हणजे अश्रू, रक्तदाब अशा आपोआप चालणाऱ्या क्रिया सांभाळणाऱ्या मज्जातंतूंचा विकार. कॉनराड रायली आणि रिचर्ड डे यांनी १९४९ मध्ये तो नोंदवला. तो प्रामुख्याने पूर्व युरोपीय वंशाच्या अश्केनाझी ज्यू कुटुंबांत आढळतो आणि ‘ईएलपी१’ जनुकातील दोषामुळे होतो. यात रडताना अश्रू ओघळत नाहीत, जिभेच्या टोकावरचे लाल ठिपक्यांसारखे उंचवटे दिसत नाहीत, जीभ गुळगुळीत असते, गुडघ्याचा प्रतिक्षेप (गुडघ्याखाली हलके ठोकल्यावर पाय उडणे) मिळत नाही, दूध पिताना ठसका लागतो, वेदना कमी जाणवतात आणि उलट्यांचे तीव्र झटके येताना रक्तदाब चढतो. जीभ बाहेर काढायला सांगून पाहणे इतके सोपे, पण ते क्वचितच केले जाते.

२०१२ मध्ये ओळखल्या गेलेल्या, ‘एनजीएलवाय१’ या जनुकाशी निगडित कमतरतेत अश्रू कमी असतातच, शिवाय विकास मागे पडतो, हातापायांच्या अनावर हालचाली होतात आणि लहानपणी यकृताची एन्झाइम वाढलेली असतात. विकास मंद असलेल्या मुलाच्या डोळ्यांची काळजी मागे पडते, आणि नेमका निदानाचा धागा तिथेच असतो. ‘जीएमपीपीए’ जनुकातील दोषामुळे अश्रुहीनता आणि अकॅलेशिया यांच्यासोबत बौद्धिक विकास मागे राहतो, पण अधिवृक्क ग्रंथी मात्र ठीक असते, त्यामुळे तो ट्रिपल ए पासून वेगळा ओळखता येतो.

अश्रुग्रंथीच घडलेली नसेल, तर मुलाचे कान, दात आणि अंगठे पाहावेत. एलएडीडी सिंड्रोममध्ये कान वाटीसारखे, दात लहान, ऐकू कमी येणे, अंगठ्याची ठेवण वेगळी आणि तोंड कोरडे राहिल्याने दात लवकर किडणे, अशी लक्षणे असतात. हा आजार एका पालकाकडूनही येऊ शकतो, तेव्हा आईबाबांचेही हात आणि दात पाहावेत.

तेलाचा थर नसणाऱ्या मुलांत एक्टोडर्मल डिसप्लेशियाचा विचार करावा. केस विरळ, दात कमी आणि सुळ्यासारखे टोकदार, घाम जवळजवळ नाही आणि उष्णतेत अचानक चढणारा ताप, हे त्याचे चित्र असते. अशा मुलांना रडताना पाणी येते, पण ते डोळ्यावर टिकत नाही. संवेदनाच नसलेल्या मुलांत वेदना न जाणवण्याचे जन्मजात विकार असतात. घाम न येणारा प्रकार ‘एनटीआरके१’ जनुकाशी निगडित आहे. त्यात जीभ आणि बोटे चावून झालेल्या जखमा आणि न रडता सोसलेले भाजणे ही खूण असते. त्वचेवर खवले, फोड किंवा उन्हात झटकन पडणारे ठिपके असतील, तर इक्थिओसिस, एपिडर्मोलायसिस बुलोसा आणि झेरोडर्मा पिगमेंटोसम यांसाठी त्वचारोगतज्ज्ञ लागतील. बुबुळाचा रंगीत पडदाच नसणाऱ्या अॅनिरिडियातही पारपटल हळूहळू बिघडते.

पाचवी पायरी: कोणत्या तपासण्या आधी कराव्यात

अश्रू खरोखर नाहीत असे ठरल्यावर जनुकांच्या अहवालाची वाट पाहत बसू नये. सकाळच्या वेळेतील कॉर्टिसॉल, एसीटीएच (अधिवृक्क ग्रंथीला कॉर्टिसॉल बनवण्याचा आदेश देणारे संप्रेरक), रक्तातील साखर, सोडियम आणि पोटॅशियम या तपासण्या आधी कराव्यात. गरज भासल्यास बाल-अंतःस्रावतज्ज्ञ उत्तेजन चाचणी करतील. ट्रिपल ए मध्ये एसीटीएच वाढलेले आणि कॉर्टिसॉल कमी असते. काही महिन्यांच्या बाळात सकाळ-संध्याकाळचा फरक अजून बसलेला नसतो, म्हणून त्याच्या एकट्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. दुसरी अडचण अशी की दीर्घकाळ वापरलेले स्टेरॉइडचे थेंब, मलम किंवा श्वासाचे औषध लहान शरीरात कॉर्टिसॉल दाबू शकते. अशा वेळी एसीटीएचही कमी असते. म्हणून मुलाला दिलेल्या प्रत्येक औषधाची यादी सोबत न्यावी. पहिला अहवाल चांगला आला म्हणून तो विषय संपत नाही. ग्रंथी पुढे कमी पडू शकते, तेव्हा ठरावीक अंतराने ही तपासणी पुन्हा करावी लागते.

भूल देऊन कोणतीही शस्त्रक्रिया ठरली असेल, मग ती दातांची असो वा डोळ्यांची, तर त्याआधी कॉर्टिसॉल पाहण्याची विनंती पालकांनी आग्रहाने करावी. कौटुंबिक डिसऑटोनोमियाची शंका असेल तर भूलतज्ज्ञांना तेही सांगावे, कारण भूल दिल्यावर रक्तदाब मोठ्या प्रमाणात खालीवर होतो. गिळण्याची तक्रार असेल तर बेरियमची तपासणी आणि अन्ननलिकेतील दाबाचे मापन, तसेच यकृताची एन्झाइम आणि ऐकण्याची चाचणी, या गोष्टी लक्षणांनुसार ठरतात.

सहावी पायरी: जनुकीय तपासणी

लक्षणे एका आजाराकडे स्पष्ट बोट दाखवत असतील, तर त्या एका जनुकाची तपासणी पुरते. चित्र अस्पष्ट असेल तर एक्झोम तपासणी, म्हणजे सर्व जनुकांच्या प्रथिने बनवणाऱ्या भागांची एकत्र तपासणी, करतात, आणि मुलासोबत आईवडील दोघांचेही नमुने दिले तर अहवालाचा अर्थ लावणे पुष्कळ सोपे जाते. नमुन्यासोबत जाणाऱ्या अर्जात ‘जन्मापासून अश्रू नाहीत’ हे शब्द लिहिले गेले आहेत का, ते पाहावे. प्रयोगशाळा हजारो बदलांतून निवड करताना याच वर्णनाचा आधार घेते. अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल आला, तर ते निदान नव्हे आणि आजार नसल्याची खात्रीही नव्हे. काहीच सापडले नाही, तर एक-दोन वर्षांनी त्याच माहितीचे पुन्हा विश्लेषण मागता येते, कारण दरम्यान नवी जनुके ओळखली जातात.

ट्रिपल ए, डिसऑटोनोमिया आणि एनजीएलवाय१ हे अप्रभावी प्रकारचे आजार आहेत. दोन्ही पालक निरोगी वाहक असतात आणि प्रत्येक गर्भधारणेत मूल बाधित होण्याची शक्यता २५ टक्के असते. आधीचे मूल बाधित असल्याने पुढच्याची शक्यता कमी होत नाही. हे समुपदेशकाने दोघांसमोर एकत्र सांगावे, म्हणजे दोष एकट्या आईच्या माथी मारला जात नाही.

दरम्यान डोळा वाचवणे

निदानाला महिने लागतील, आणि तेवढा काळ पारपटल थांबत नाही. लहान वयात पारपटलावर फूल पडले, म्हणजे पांढरा डाग राहिला, तर डोळ्यासोबत मेंदूचे पाहणे शिकणेही खुंटते आणि डोळा आळशी होतो. म्हणून प्रिझर्वेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू, तीव्र कोरडेपणात गरज पडल्यास दर एक-दोन तासांनी, आणि रात्री वंगणाचे मलम, हा पाया असतो. बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्वेटिव्ह असलेले थेंब दिवसातून अनेकदा घातले तर पृष्ठभागाला इजा होते, तेव्हा वेष्टनावरचे घटक वाचावेत. बाजूंनी बंद चष्मा ओलावा धरून ठेवतो. अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांत बूच बसवणे, सायक्लोस्पोरिनचे थेंब, मुलाच्याच रक्तापासून बनवलेले सीरम थेंब, डोळ्यावर पाण्याचा साठा ठेवणारी स्क्लेरल लेन्स आणि शेवटी पापण्या अंशतः शिवणे, हे पुढचे टप्पे तज्ज्ञ ठरवतात. पारपटलाचे प्रत्यारोपण कोरड्या आणि बधिर डोळ्यात बहुधा टिकत नाही; त्या भरवशावर आजचे थेंब टाळू नयेत. स्टेरॉइडचे थेंब उरलेल्या बाटलीतून घरच्या घरी कधीही घालू नयेत.

डोळ्यावर पांढरा ठिपका दिसला, नजर धूसर झाली, पापणी उघडेनाशी झाली किंवा स्राव अचानक वाढला, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी दाखवावे.

अधिवृक्क ग्रंथीची कमतरता निघाल्यास

रोजचे हायड्रोकॉर्टिसोन एकही दिवस चुकवू नये आणि आपल्या मनाने बंद करू नये. ताप, मार किंवा शस्त्रक्रिया यांच्या वेळी मात्रा किती वाढवायची, याचे लेखी पत्रक डॉक्टरांकडून घ्यावे. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर इंजेक्शन लागते. ते घरी कसे द्यायचे हे आईवडिलांसोबत आजीआजोबांनी आणि मुलाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाने शिकून घ्यावे. पत्रकाची एक प्रत शाळेत, एक प्रवासाच्या पिशवीत आणि एक मुलाच्या दप्तरात असावी, आणि तिच्यावर आजाराचे नाव, औषध, मात्रा आणि ‘तपासणीसाठी थांबू नका, आधी हायड्रोकॉर्टिसोन द्या’ ही सूचना पहिल्याच ओळीत असावी.

निदान पक्के झाल्यावर घरातील भावंडांचीही तपासणी करावी, ती हसतीखेळती असली तरीही. एकाच कुटुंबातील दोन बाधित मुलांत आजार वेगळ्या वयात आणि वेगळ्या क्रमाने दिसू शकतो. धाकट्याला गिळण्याचा कसलाही त्रास नाही, पण रडताना त्याचेही गाल कोरडे राहतात, एवढे जरी आढळले तरी त्याचे कॉर्टिसॉल त्याच आठवड्यात तपासून घ्यावे.